मुलांचं बेसबॉल : टीम कुठल्या वर्गात घालायची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वसंतातल्या टूर्नामेंटांच्या नोंदणीचे दिवस आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या पालकांची बहुतेक पत्रं या वेळी एकाच मुद्द्यावर आहेत. ट्रॅव्हल बेसबॉलमध्ये, म्हणजे गावोगावच्या टूर्नामेंटांत जाऊन खेळणाऱ्या टीममध्ये, नुसता वयोगट (१०-यू म्हणजे दहा वर्षांपर्यंतची मुलं) पुरत नाही, टीमचा वर्ग, म्हणजे कौशल्याचा दर्जाही सांगावा लागतो. यू-ट्रिपल-एस-ए (USSSA) या टूर्नामेंट भरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत खालून वर ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मेजर अशी चढण आहे. इतर आयोजक सोनेरी-रुपेरी गट किंवा एक-दोन-तीन आकडे वापरतात. नावं काहीही असोत, टीम जोखायची रीत सगळीकडे सारखीच.

प्रश्न : आमच्या लिटल लीगमधल्या (मुलांच्या स्थानिक लीगमधल्या) अकरा मुलांची आम्ही पालकांनी मिळून १०-यू ट्रॅव्हल टीम बनवली आहे. उन्हाळ्यात हीच मुलं ऑल-स्टारमध्ये (लीगच्या निवडक मुलांच्या स्पर्धेत) जिल्ह्यात दुसरी आली होती. कोच म्हणतात डबल-ए भरा, दोन पालक म्हणतात ट्रिपल-ए. नक्की कशाच्या आधारे ठरवायचं?
— टीमचा हिशेब सांभाळणारे एक बाबा, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पहिल्या मोसमाला ए भरा. ऑल-स्टारचा निकाल इथे फारसा उपयोगाचा नाही, कारण तुमची मुलं जो खेळ खेळून दुसरी आली तो वेगळा होता. लिटल लीगच्या त्या वयोगटात बेसमधलं अंतर ६० फूट असतं आणि चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. ट्रॅव्हलच्या १०-यूमध्ये पिचिंगचं अंतर तेच, ४६ फूट, पण बेस ६५ फुटांवर आणि लीड घ्यायची, म्हणजे चेंडू टाकण्याआधीच बेसपासून पुढे सरकायची, मोकळीक. कॅचरला दुसऱ्या बेसवर आधी जवळपास ८५ फूट फेकावं लागायचं, आता ९२. पिचरला रनरवर लक्ष ठेवावं लागतं, पिक-ऑफ (बेस सोडलेल्या रनरला थ्रोने टिपणं) शिकावा लागतो आणि चुकीच्या हालचालीबद्दल बॉकही दिला जातो. नव्या टीमच्या पहिल्या टूर्नामेंटमध्ये हमखास दिसणारा प्रकार असा : बॅटरला वॉक मिळतो (स्ट्राइक नसलेले चार चेंडू पडले की फुकटचा पहिला बेस), पुढच्या चेंडूला तो दुसऱ्या बेसवर, कॅचरचा थ्रो सेंटर फील्डमध्ये, आणि पोरगं तिसऱ्यावर. एकही हिट न लागता इनिंगमध्ये पाच रन.

म्हणून वर्ग ठरवण्याआधी एका शनिवारी मैदानावर चार गोष्टी मोजा. खाली दिलेले आकडे नियमपुस्तकातले नाहीत, अंदाजाचे आहेत. पण टीम कुठे बसते हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

पहिली गोष्ट पिचिंग, आणि खरं तर निम्मा निकाल इथेच लागतो. पिचिंग करू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला नीट वॉर्म-अप देऊन २० चेंडू टाकायला लावा. समोर हेल्मेट घातलेला बॅटर उभा पाहिजे. नुसत्या कॅचरला टाकलेल्या चेंडूंवरचा आकडा फसवा असतो, बॅटर उभा राहिला की तो झटकन खाली येतो. २० पैकी १२ किंवा जास्त स्ट्राइक (बॅटरच्या मारण्याच्या टप्प्यातले चेंडू) असतील तर उत्तम, १० किंवा ११ असतील तर ए वर्गात निभतं. त्याखाली असेल तर तो मुलगा अजून पिचर झालेला नाही, वेग कितीही असो.

आता असे पिचर किती लागतात? शनिवारी दोन पूल (गटसाखळीतले) गेम, रविवारी बाद फेरीचे दोन, अशा चार गेमच्या साधारण २० इनिंग होतात. या वयात एका इनिंगला १६ ते १८ चेंडू पडतात, म्हणजे शनिवार-रविवार मिळून ३२० ते ३६० चेंडू. लिटल लीगच्या नियमाप्रमाणे ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ७५ चेंडू टाकता येतात, पण ६५ च्या वर गेला की चार दिवस विश्रांती. खांदा सांभाळून ५० चं नियोजन केलं तरी सहा-सात मुलं लागतात. पुष्कळ टूर्नामेंटांत मर्यादा चेंडूंवर नसून इनिंगवर असते, म्हणून चेंडूंचा हिशेब तुम्हीच ठेवा. स्ट्राइक टाकणारी चार मुलं असतील तर ए, पाच-सहा असतील तर डबल-ए. ट्रिपल-एमध्ये सहा-सात तर हवेतच, शिवाय त्यातल्या दोघा-तिघांना चेंज-अप (मुद्दाम मंद टाकलेला चेंडू) टाकता आला पाहिजे. तुमच्याकडे दोन अप्रतिम पिचर असतील तर शनिवार तुमचा. रविवारी सकाळी तिसरा मुलगा माउंडवर येतो, तेव्हा टीमचा खरा वर्ग कळतो.

दुसरी गोष्ट कॅचर. या वयात पुढचा बेस चोरणारा रनर बहुतेक वेळा पोहोचतोच, त्याला आउट करण्याचा हट्ट नको. दहा थ्रो करायला लावा आणि किती थ्रो एका टप्प्यात दुसऱ्या बेसवरच्या मुलाच्या हाताशी येतात ते मोजा. सहा आले तर ए वर्गात कसलीच अडचण नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मातीत पडणारे दहा चेंडू टाकून बघा, किती अंगावर थोपवतो. निम्मे मागे जात असतील तर डबल-ए विसरा.

तिसरी गोष्ट सरळ ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) आणि तिसऱ्या बेसच्या मुलाला प्रत्येकी दहा, पण बॅटरच्या जागेवरून एक मुलगा खरोखर पळत सुटला पाहिजे. पाच आउट झाले तर ए, सात झाले तर डबल-ए, आठ किंवा जास्त असतील तर ट्रिपल-एचा विचार करावा. आउटफील्डमधल्या उंच झेलांना हाच हिशेब लावा, फक्त अपेक्षा एखाद-दुसऱ्या झेलाने कमी ठेवा.

चौथी गोष्ट म्हणजे सातव्या, आठव्या, नवव्या नंबरचे बॅटर. पहिल्या चौघांवरून कोणी वर्ग ठरवू नये. पिचरचा हात माउंडच्या साधारण पाच फूट पुढे चेंडू सोडतो, म्हणजे ४१ फूट उरतात. ताशी ४० मैलांचा चेंडू तेवढं अंतर ०.७० सेकंदात कापतो, ५० मैलांचा ०.५६ मध्ये आणि ६० मैलांचा ०.४७ मध्ये. चेंडू फेकणारं मशीन ४६ फुटांवर ठेवून ५० मैलांवर लावा आणि या तिघांना दहा-दहा चेंडू द्या. प्रत्येकाची बॅट निदान पाच वेळा चेंडूला लागली (फाउल धरून) तर डबल-एच्या पिचिंगपुढे ती मुलं उभी राहतील. दोनदाच लागत असेल, तर वरच्या वर्गात त्यांना मोसमभर स्ट्राइक-आउट होऊन डगआउटमध्ये परतायचं आहे. तीन मुलांचा उन्हाळा कशाला घालवायचा?

ए भरून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन टूर्नामेंट खेळा. यू-ट्रिपल-एस-एचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, त्यामुळे फॉलचे गेम त्याच वर्षात धरले जातात आणि वसंतापूर्वी दुरुस्तीला वाव राहतो. निम्मे गेम चार रनांच्या आत सुटत असतील, हरा किंवा जिंका, तर वर्ग बरोबर आहे. आणखी एक लक्षात ठेवा : वर चढायला सहसा कोणी अडवत नाही, खाली उतरायला मात्र संस्थेच्या राज्यातल्या डायरेक्टरची परवानगी लागते.

प्रश्न : नातू टेक्सासमध्ये बेसबॉल खेळतो. या वर्षी तो 'ट्रिपल-ए'मध्ये गेला म्हणून घरात आनंद आहे. हा सर्वांत वरचा वर्ग का? मागे एकदा तो 'मेजर'मध्ये होता असंही ऐकलं होतं. मग खाली आला की काय?
— एक आजोबा, कोथरूड, पुणे

उत्तर : खाली आलेला नाही. दोन वेगळ्या व्यवस्थांत तीच नावं वापरली जातात, त्यामुळे घोळ होतो. लिटल लीगमध्ये मेजर हे ९ ते १२ वयाच्या गटाचं नाव आहे आणि त्याखालच्या मायनर गटाला कित्येक स्थानिक लीग डबल-ए, ट्रिपल-ए अशी पोटनावं देतात. ट्रॅव्हल बेसबॉलमध्ये हेच शब्द कौशल्याचा दर्जा सांगतात, तिथे ट्रिपल-ए वरून दुसरा. नातू आता ट्रॅव्हल टीमकडून खेळत असेल तर आनंद अगदी रास्त आहे. व्यावसायिक बेसबॉलमधला ट्रिपल-ए आणखी तिसराच, त्याच्याशी याचा संबंध नाही.

प्रश्न : मुलाचा जन्म जुलै २०१५ चा. लिटल लीगवाले २०२६ साठी त्याला ११ वर्षांचा धरतात, ट्रॅव्हल टीम म्हणते १०-यू. कोणीतरी चुकतंय का? आणि दोन्हीकडे खेळवलं तर चालेल का?
— एक आई, फ्रिस्को, टेक्सास

उत्तर : दोघंही बरोबर आहेत. लिटल लीग त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला पूर्ण झालेलं वय धरते, ट्रॅव्हलवाले बहुतेक सगळे ३० एप्रिलचं. त्यामुळे १ मे ते ३१ ऑगस्टदरम्यान जन्मलेल्या मुलांची दोन वयं होतात. तुमचा मुलगा ३१ ऑगस्ट २०२६ ला ११ वर्षांचा असेल, ३० एप्रिलला १० च असेल. ट्रॅव्हलमध्ये तो आपल्या गटातल्या मोठ्यांपैकी, लिटल लीगमध्ये लहानांपैकी.

वर्ग ठरवताना हे उपयोगी पडतं. १०-यू टीममध्ये मे ते ऑगस्टची मुलं जास्त असतील तर ती टीम अंगापिंडाने थोराड दिसते आणि कोच एक वर्ग वर जायचा मोह धरतात. या वयात सात-आठ महिन्यांचा फरक हातात दिसतो, थ्रोमध्ये दिसतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाकीची मुलं वाढली की तो पुसला जातो. तेव्हा जन्मतारखांचा एक तक्ता करून बघा. नुसतं आकारमान मोठं असेल आणि वर सांगितलेल्या चाचण्यांत टीम ए वर्गाचीच निघत असेल, तर ए वर्गच भरा.

दोन्हीकडे खेळायला हरकत नाही, पण चेंडूंची बेरीज तुम्हालाच करावी लागेल. लिटल लीगमध्ये २१ ते ३५ चेंडूंना एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि त्यापुढे चार. ४१ किंवा जास्त चेंडू टाकलेल्या मुलाला त्या दिवशी पुढे कॅचर होता येत नाही. शुक्रवारी रात्री लिटल लीगमध्ये ४५ चेंडू टाकून आलेला मुलगा शनिवारी सकाळी ट्रॅव्हल कोचच्या यादीत ताजा पिचर म्हणून असतो, कारण तिकडचं वहीतलं पान इकडे येत नाही. कोचला शुक्रवारी रात्रीच मेसेज करा : किती चेंडू, कधीपर्यंत विश्रांती. संकोच नको.

प्रश्न : १२-यू ए वर्गात आम्ही सलग तीन टूर्नामेंट जिंकल्या, फायनलही १२-१ ने. आता डायरेक्टरने मोसमाच्या मध्यात आम्हाला डबल-एमध्ये टाकलं. मुलांना जिंकण्याची शिक्षा का? दोन पालक म्हणतात, नाव बदलून नवी टीम म्हणून नोंदवा.
— टीम मॅनेजर, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

उत्तर : नाव बदलू नका. रोस्टर (खेळाडूंची यादी) ऑनलाइन असतं, मुलांच्या नावांवरून टीम ओळखू येते आणि गेल्या मोसमात वरच्या वर्गात खेळलेली मुलं किती आहेत तेही डायरेक्टर पाहतात. पकडलं गेलं तर मिळालेली ट्रॉफी जाते आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक शंकास्पद निर्णय तुमच्या विरुद्ध लागतो.

डायरेक्टर नुसत्या ट्रॉफ्या मोजत नाहीत. कोणाशी जिंकलात आणि किती रनांनी, हे जास्त बघितलं जातं. पूल गेममधून वरच्या मानांकनासाठी रनांचा फरक काही मर्यादेपर्यंतच धरतात, पण वर्ग ठरवताना पूर्ण स्कोअर समोर असतो. तीन टूर्नामेंटमध्ये रन-रूलने (रनांचा फरक फार झाल्यामुळे लवकर) संपलेले गेम निम्म्याहून जास्त असतील तर तुम्ही चुकीच्या जागी होता, एवढाच त्याचा अर्थ. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते, तशी ही १२-१ ची फायनल. तुमच्या शॉर्टस्टॉपने त्या दिवशी किती अवघड चेंडू पकडले ते आठवा. बहुधा एकही आला नसेल. समोरच्या पिचरचे चेंडू ५० फुटांवरून ताशी ४५-५० मैलांनी येत असतील तर तुमच्या बॅटरांची वेळ त्या वेगाला बसते, आणि पुढच्या वर्षी डबल-एचा ६० मैलांचा चेंडू आला की सगळ्यांच्या बॅट उशिरा येतात. ती सवय मोडायला अर्धा मोसम जातो.

आता करायचं काय? पहिल्या दोन डबल-ए टूर्नामेंट 'ए/डबल-ए' अशा मिश्र निवडा. प्रवेशयादीत प्रत्येक टीमचा वर्ग आणि जय-पराजय दिसतो, पैसे भरण्याआधी ती वाचा. पाहुण्या खेळाडूंचा आधार घेऊ नका. ट्रिपल-एची दोन मुलं एका शनिवार-रविवारपुरती आणून जिंकलात तर तो निकाल तुमच्याच खात्यात चढतो आणि पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांच्याशिवाय त्याच वर्गात अडकता. हा प्रकार इतक्या वेळा घडतो की तो अजून कोणाला सुचतो याचंच नवल.

प्रश्न : आमचं उलटं आहे. ११-यू डबल-एमध्ये नऊ गेम, नऊ पराभव, त्यातले सहा रन-रूलने तिसऱ्या-चौथ्या इनिंगलाच संपले. मुलं रडकुंडीला आली आहेत. खाली उतरायचा अर्ज कसा करायचा?
— एक असिस्टंट कोच, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : अर्जाआधी स्कोअरबुक उघडा. गेमचेंजरसारख्या ॲपवर गेम नोंदवले असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्याविरुद्ध झालेला प्रत्येक रन चारपैकी एका खान्यात टाका : वॉक किंवा हिट-बाय-पिचने बेसवर आलेला, एररने (फील्डरच्या चुकीने) आलेला, खरा हिट मारून आलेला, आणि चौथा खाना नुसत्या वाइल्ड पिच-पास्ड बॉलवर (कॅचरच्या मागे निसटलेल्या चेंडूवर) घरी पोहोचलेल्यांचा. (एकच रन दोन खान्यांत बसत असेल तर बेसवर कसा आला ते आधी धरा.)

निम्म्याहून जास्त रन पहिल्या खान्यात असतील तर वर्ग बदलून फारसा फरक पडणार नाही. ए वर्गातला बॅटरसुद्धा चार बॉल सोडून देऊ शकतो. ११-यू ला पिचिंगचं अंतर ४६ वरून ५० फूट होतं आणि बेस ६५ वरून ७०. गेल्या वर्षी स्ट्राइक टाकणारे पिचर या चार फुटांत हरवतात. चेंडू खाली पडतो, मग मुलगा जोर लावतो, आणि तो आणखी सुटतो. तुमचं दुखणं हेच असेल तर आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी २५ चेंडू, निम्म्या जोराने, पूर्ण अंतरावरून. चार ते सहा आठवड्यांत ताळ्यावर येतं.

रन बहुतेक हिटवर होत असतील, किंवा तुमचे बॅटर निम्म्याहून जास्त वेळा स्ट्राइक-आउट होत असतील, तर मात्र वर्गच चुकला आहे. तेव्हा अर्ज करा, आणि तो एका पानात बसवा. टीमचं नाव, वयोगट, सध्याचा आणि मागितलेला वर्ग, नऊच्या नऊ गेमच्या तारखा आणि स्कोअर, आणि गेल्या वर्षीच्या रोस्टरपैकी किती मुलं उरली. शेवटचा मुद्दा सर्वांत जड. गेल्या वर्षीचे दोन पिचर आणि कॅचर दुसऱ्या टीममध्ये गेले असतील तर ते स्पष्ट लिहा, कारण डायरेक्टर गेल्या वर्षीच्या निकालावरून तुम्हाला डबल-ए समजून चाललेले असतात. मुलांच्या अश्रूंबद्दल लिहू नका, तसली पत्रं त्यांच्याकडे ढिगाने असतात. टूर्नामेंटच्या आदल्या गुरुवारी अर्ज टाकण्यात अर्थ नाही, तोवर वेळापत्रक लागलेलं असतं. निदान तीन आठवडे आधी द्या.

परवानगी येईपर्यंत हाती असलेल्या टूर्नामेंटमध्ये मिश्र गट असतील तिथेच जा. दोन गेम पूल आणि मग सोनेरी-रुपेरी ब्रॅकेट अशी रचना असेल तर तुमच्यासाठी ती बरी. पूल हरलात तरी रविवारी बरोबरीच्या टीमशी गाठ पडते.

प्रश्न : आमच्या क्लबकडे ११-यू साठी २४ मुलं आली आहेत. दोन टीम करायच्या. कौशल्यानुसार वरची-खालची, की दोन्ही सारख्या?
— क्लबच्या समितीवरचे एक पालक, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : टूर्नामेंट खेळायच्या असतील तर कौशल्यानुसार. सारख्या वाटल्या तर दोन्ही टीम ए आणि डबल-एच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतात आणि एकीलाही नीट वर्ग मिळत नाही. फक्त गावातल्या गावात लीग असेल तर सारख्या वाटा. लिटल लीग ड्राफ्ट घेते (कोच आळीपाळीने मुलं निवडतात) ती याचसाठी, आणि प्रत्येक मुलाला गेममध्ये सलग सहा बचावात्मक आउट आणि एकदा बॅटिंग देण्याची तिथली सक्तीही त्याच विचारातली.

ट्रायआउट दोन दिवशी घ्या, एका दिवसात चांगला मुलगा खराब दिसू शकतो. पाठीवर आकडे लावा, परीक्षकांसमोर नावं नकोत. तीन परीक्षक, आणि ज्याचा मुलगा मैदानात आहे त्याने त्याला गुण द्यायचे नाहीत. प्रत्येकाला होम ते पहिला बेस धावण्याची वेळ दोनदा, आठ ग्राउंडर, पाच उंच झेल, मशीनवर दहा स्विंग आणि ५० फुटांवरून १५ चेंडू. प्रत्येक गोष्टीला १ ते ५ गुण. बेरीज लावली की वरची आठ आणि खालची आठ मुलं वादाविना ठरतात, भांडण मधल्या आठांवरून होतं. तिथे बेरीज बाजूला ठेवा आणि जागा बघा. आधी कॅचर वाटा, मग पिचर. खालच्या टीमला स्ट्राइक टाकणारी निदान चार मुलं आणि चेंडू थोपवणारा एक कॅचर मिळालाच पाहिजे. नाहीतर वरची टीम डबल-ए होते आणि खालची कुठल्याच वर्गात उभी राहू शकत नाही. समित्या नेमक्या इथे घसरतात, कारण समितीवरच्या बहुतेकांची मुलं वरच्या टीममध्ये असतात.

टीमची नावं रंगांची ठेवा. कोणता रंग वरचा हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळतंच, तरी पत्रकावर आणि पाठीवर ते छापायची गरज नाही. जूनमध्ये एकदा अदलाबदल होईल हे पालकांना आधीच लेखी कळवा आणि ती खरोखर करा.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, बॅटिंग उत्तम. वडील पूर्वी मुंबईत क्लब क्रिकेट खेळायचे, त्यांना वाटतं त्याला ११-यूमध्ये खेळवावं. खेळवावं का?
— एक आई, जर्सी सिटी

उत्तर : सध्या नको. बॅटिंग कदाचित निभेल, झेलही निभतील. घरी टेनिस बॉलवर उंच झेल घेतलेली मुलं त्यात मागे पडत नाहीत. अडचण हाताची आहे. ७० फुटांच्या बेसवर कॅचरचा दुसऱ्या बेसवरचा थ्रो ९९ फूट, शॉर्टस्टॉपचा पहिल्या बेसवरचा त्याहून थोडाच कमी. नऊ वर्षांचा मुलगा तो थ्रो ताकद लावून पुरवतो आणि कोपर दुखावून घेतो. कोच मग त्याला राइट फील्डमध्ये उभा करतात, आणि जिथे दिवसाला तीस चेंडू हाताळले असते तिथे तो दोन हाताळतो. त्यापेक्षा ९-यू किंवा १०-यूच्या वरच्या वर्गात घाला. वय एका वर्षाने वाढवण्यापेक्षा वर्ग एक पायरी वाढवणं केव्हाही बरं.

प्रश्न : चाचणी घेताना कुठली बॅट वापरायची? आमच्याकडे दोन्ही शिक्क्यांच्या आहेत.
— एक पालक, ॲटलांटा

उत्तर : ज्या स्पर्धेत खेळणार त्या स्पर्धेची. २०१८ पासून लिटल लीगमध्ये यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेली (किंवा लाकडी) बॅटच चालते, आणि ती लाकडाच्या जवळपास वागेल अशी बेतलेली आहे. यू-ट्रिपल-एस-एच्या १.१५ शिक्क्याच्या बॅटवरून चेंडू जास्त जोराने उडतो आणि ती बॅट लिटल लीगमध्ये बाद. यूएसए बॅटने इनफील्डबाहेर न जाणारे चेंडू दुसऱ्या बॅटने आउटफील्डच्या गवतावर पडतात, त्यामुळे एका बॅटने केलेली मोजणी दुसऱ्या स्पर्धेला लावू नका. मशीनसमोर प्रत्येक मुलाच्या हातात तीच एक बॅट देऊही नका. वजन जड झालं की लहान मुलांचे आकडे विनाकारण पडतात. ज्याची त्याची बॅट, पण शिक्का सगळ्यांचा सारखा.